पालेगावच्या माळावरची बिनराणीची घरं

मी मुंग्यांवर काम करते असं सांगितलं, की समोरचा माणूस पहिल्यांदा उपाय विचारतो. साखरेच्या डब्याला काय लावायचं, ओट्याच्या फटीत कोणती पावडर टाकायची, हळद चालते का. उल्हासनगरच्या एका कॉलेजात मी तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, त्यातली वीसेक वर्षं मुंग्यांमागे घालवली, पण मुंग्या घालवायचा खात्रीचा उपाय मला आजही माहीत नाही. बदलापूरला आमच्या हेंद्रेपाड्याच्या सोसायटीत त्यामुळे माझी पत जरा कमीच आहे. शेजारच्या काकू तर तोंडावर म्हणाल्या होत्या, "एवढं शिकून तुमच्याही स्वयंपाकघरात मुंग्या आहेतच की!"

आहेत. पण घरातल्या त्या बारक्या लाल मुंग्यांचा आणि माझा फारसा संबंध आला नाही. माझी मुंगी वेगळी. काळी, बोटाच्या पेराच्या अर्ध्याएवढी, अंगावर बारीक रेघांचं नक्षीकाम असलेली. मुरमाड जमिनीत घर करते. रांग लावत नाही, एकेकटी हिंडते. बिळाच्या तोंडाशी पक्ष्यांची पिसं, वाळकी पानं, कधी मेलेल्या मुंग्यांची शकलं लावून ठेवते. पहाटे त्या पिसांवर दव धरतं आणि उन्हाळ्यात ह्या मुंग्या ते पितात. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी माळावर गुडघे टेकून किती वेळ बसले होते, ते आठवत नाही.

तिची खरी गंमत पुढे आहे. ह्या मुंगीला राणी नसते. शाळेच्या पुस्तकात आपण शिकतो की राणी अंडी घालते आणि बाकीच्या कामकरी राबतात. इथे सगळ्या कामकरीच. त्यांच्यातलीच एक नराशी जुळते आणि अंडी घालते. प्रयोगशाळेत आम्ही तिला 'थोरली' म्हणायचो. मग प्रश्न असा, की दिसायला सगळ्या सारख्या असताना एकटीच थोरली कशी होते? बाकीच्या का होत नाहीत?

कोषातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक नव्या मुंगीच्या पाठीवर, जिथे एरवी राणीला पंख असतात, तिथे दोन इवल्या गोळ्या असतात. भिंगाखाली पाहिलं तर मिटलेल्या कळीसारख्या दिसतात, म्हणून आमच्यात त्यांचं नाव 'कळी'च पडलं. ज्या मुंगीच्या कळ्या शाबूत, तीच पुढे थोरली होऊ शकते. घरात जन्मणाऱ्या प्रत्येक नवीच्या कळ्या एकदोन दिवसांत चावून तोडल्या जातात. त्या गेल्या की तिचा स्वभावच बदलतो. ती बुजरी होते, नराजवळ जात नाही, जन्मभर कामाला लागते. थोरली मेली, तर त्यानंतर जन्मलेली पहिली नवी आपल्या कळ्या राखते आणि घर तिचं होतं.

हे ऐकलं की लोकांना लगेच माणसं आठवतात. मी विद्यार्थ्यांना तसं बोलू देत नसे. मुंगीचं मुंगीपाशी ठेवा, म्हणायचे.

माझा सगळा अभ्यास एका प्रश्नावर उभा होता. कळ्या तोडतं कोण? माझं उत्तर होतं, थोरली स्वतः. म्हणजे ही उघड जबरदस्ती झाली, आपल्या जागेवर कुणी येऊ नये म्हणून केलेली. तसं नसून बाकीच्या बहिणी ते करत असतील, तर गोष्ट वेगळी होते. मग ती एकीची जबरदस्ती राहत नाही, सगळ्या घराने चालवलेली व्यवस्था ठरते, आणि अशी व्यवस्था उत्क्रांतीत का टिकली, हे नव्याने विचारावं लागतं. बाहेरच्यांना हा फरक क्षुल्लक वाटेल. आमच्या धंद्यात ह्यावर माणसं आयुष्य घालवतात.

उत्तर काढायचं तर एकेक मुंगी ओळखता यायला हवी. त्यासाठी आम्ही त्यांच्या अंगावर रंगाचे ठिपके द्यायचो, एक पाठीवर, एक पोटावर. लाल-पिवळी, निळी-पांढरी, अशी त्यांची नावं. परदेशी रंग परवडायचे नाहीत, तेव्हा मी नेलपॉलिश वापरायला लागले. उल्हासनगरच्या बाजारात जगदीशभाईंचं सौंदर्यप्रसाधनांचं दुकान होतं. मी एका वेळी दहा-बारा शेड घ्यायचे, तेही सगळ्यांत भडक. पार्लर चालवते असा त्यांचा समज होता. एकदा त्यांनी विचारलंच, "मॅडम, आपका पार्लर किधर है? मिसेस को भेजता हूँ."

मी खरं काय ते सांगितलं. त्यांनी एकदा बाटल्यांकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "चींटी को लगाती हो, ठीक है. लेकिन कस्टमर के सामने मत बोलना." पुढे मात्र नवा शेड आला की ते माझ्यासाठी बाजूला काढून ठेवायचे आणि कागदाच्या कपट्यावर एक ठिपका देऊन म्हणायचे, "ये सूखने के बाद उतरता नहीं, देखो."

ह्या मुंग्यांची घरं मला सापडली ती अंबरनाथ पूर्वेला, पालेगावच्या माळावर. समोर मलंगगड, मधे पळसाची आणि कुड्याची झाडं, खाली तांबूस मुरूम. जमीन ताराबाईंच्या घरची. ताराबाई आगरी, साठीच्या पुढच्या, अंगाने काटक, हातात कायम विळा. पहिल्या दिवशी मी बिळाशेजारी खुणेचे खिळे ठोकत होते, तर त्या येऊन उभ्या राहिल्या.

"काय गो बाय, काय पुरतंस?"

मी समजावलं. राणी नसते, कळ्या असतात, त्या तोडतात. त्या शांतपणे ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "म्हंजे जल्मल्या जल्मल्या? ती वरडते का?"

मुंग्यांना आवाज नसतो, असं काहीतरी मी म्हणाले. त्या म्हणाल्या, "नसंल. पन पाय तरी झाडत असंल."

खरोखरच झाडते. पुढे किती वेळा पाहिलं, तरी माझ्या नोंदींत मी ते कुठेही लिहिलं नाही.

त्या दिवसापासून ताराबाईंनी त्या कोपऱ्यात गुरं सोडणं बंद केलं. मोबदला म्हणून त्यांनी काही मागितलं नाही. फक्त मला पाहिलं की विचारायच्या, "तुजी मानसं बरी हायत ना?"

सुरुवातीची वर्षं मी माळावर पुष्कळ बसले. नंतर गुडघे धरले, विभागप्रमुखपद आलं, तपासणी समित्या आल्या. मग मी घरटी खणून थोड्या मुंग्या डब्यांत आणायला लागले. प्लास्टर ऑफ पॅरिसचं बूड, त्यात कोरलेले दोन कप्पे, वर काच. त्यांत पंधरावीस मुंग्या आणि थोरली. प्रयोगशाळेत खुर्चीवर बसून सगळं दिसायचं. नवी बाहेर आली की थोरली तिच्यापाशी जायची आणि कळ्या तोडायची. मी ते इतक्या वेळा पाहिलं होतं, की डोळे मिटूनही सांगितलं असतं. त्यावर माझे शोधनिबंध छापून आले आणि थोडंफार नावही झालं.

वैशाली माझ्याकडे पीएचडीला आली ती ह्याच काळात. खरवईची. वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर. मुलगी अबोल, पण हात फार स्थिर. जिवंत मुंगीच्या पाठीवर एका केसाने रंगाचा ठिपका द्यायचा आणि ती बिथरू द्यायची नाही, हे काम माझ्यापेक्षा तिला चांगलं यायचं. तिला डबे आवडायचे नाहीत. दुसऱ्याच वर्षी तिने पालेगावला एका बिळाच्या बाजूने चर खणला, कप्प्याला काच बसवली, काचेवर लाल कागद लावला. मुंग्यांना लाल उजेड जवळजवळ दिसत नाही, म्हणून. वर फळी ठेवून दिली. स्कूटीवरून सकाळी जायची, फळी बाजूला करायची आणि डोक्यावर ओढणी घेऊन तासन्तास पालथी पडून पाहायची.

ताराबाई मला एकदा फोनवर म्हणाल्या, "तुजी पोर उनात करपली गो. मी तिला ताक नेऊन देतंय, तर वर बघीत पन नाय."

एके दिवशी दुपारचे तास संपल्यावर वैशाली प्रयोगशाळेत आली. वही छातीशी धरलेली.

"मॅडम, थोडं वेगळं दिसतंय."

"काय?"

"कळ्या थोरली नाही तोडत. तिकडे माळावर. ती दुसऱ्या कप्प्यात असते, येतच नाही. बाकीच्या तोडतात. दोघी-तिघी नवीचे पाय धरतात आणि एक जण तोडते."

"कुठल्या?"

"पिवळी-पिवळी असते बहुतेक वेळा. आणि गुलाबी-पांढरी. त्यांच्या स्वतःच्या कळ्या कधीच गेलेल्या आहेत."

मी हसले. ते हसणं मला आज आठवतं. "गुलाबी आणि लाल ह्यांत घोळ झाला असेल. लाल कागदातून बघतेस तू. थोरलीला लाल ठिपका आहे."

"मी तो विचार केला, मॅडम. म्हणून थोरलीचा रंग बदलला. तिला आता हिरवा आहे."

मी तिला डब्यांकडे नेलं. योगायोगाने त्याच दिवशी एक नवी बाहेर आली होती. आम्ही दोघी पाहत बसलो. थोडा वेळ गेला, आणि थोरलीने तिच्या कळ्या तोडल्या. मी वैशालीकडे वळून म्हणाले, "बघितलंस?"

"डब्यात करते, मॅडम. माळावर नाही."

"बारा वर्षं मी हे बघतेय, वैशाली."

 ती खाली बघत म्हणाली, "तुम्ही डब्यात बघितलंय. मी तिथे बसून बघितलंय."

कुणी विद्यार्थी माझ्याशी असं बोलला नव्हता. त्या वाक्यात उद्धटपणा नव्हता, हे मला आता कळतं. तेव्हा फक्त अपमान कळला. मी म्हणाले, "प्रकरण लिहून आण. मग बघू."

दोन महिन्यांनी तिने प्रकरण आणून दिलं. नोंदी, वेळा, घरट्याचे आराखडे, सगळं होतं. मी त्यावर लाल शाईने शेरा मारला, 'निरीक्षणदोष. वगळावे.' आणि सही केली.

पालेगाव आमच्या कॉलेजपासून रिक्षाने काही फार लांब नव्हतं. एक दिवस जाऊन, गुडघ्याखाली उशी घेऊन, त्या फळीपाशी बसायचं होतं. एवढंच करायचं होतं. मी गेले नाही. गुडघ्याचं कारण मी स्वतःला दिलं. खरं कारण असं, की तिचं बरोबर निघालं तर काय, ही शंका मला होती. ती नसती, तर मी आनंदाने गेले असते आणि तिची चूक तिला दाखवून आले असते.

ह्यापेक्षा वाईट गोष्ट पुढे घडली. त्या हिवाळ्यात एका चर्चासत्रात मी माझं काम मांडलं. शेवटी एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी विचारलं, "हे सगळं डब्यातलं झालं. प्रत्यक्ष जमिनीत कुणी पाहिलं आहे का?"

वैशाली तिसऱ्या रांगेत बसली होती. मी माइकवर म्हणाले, "हो. माझ्या विद्यार्थिनीच्या क्षेत्रीय नोंदीही ह्याला दुजोरा देतात."

टाळ्या झाल्या. वैशालीने माझ्याकडे पाहिलं नाही. ती वहीत काहीतरी लिहीत होती, किंवा तसं दाखवत होती.

पुढच्या आठवड्यात शिपाई माझ्या टेबलावर एक पिशवी ठेवून गेला. आत प्रयोगशाळेची किल्ली, भिंग, चिमटे आणि नेलपॉलिशच्या बाटल्या होत्या. प्रत्येकीचं झाकण नीट पुसून घट्ट लावलेलं. चिठ्ठी नव्हती. मी दोनदा फोन केला, तिने उचलला नाही. तिसऱ्यांदा मी केला नाही. चार वर्षं काम केलेली मुलगी प्रबंध न देता गेली आणि कॉलेजात मी सांगितलं, घरगुती अडचण आहे.

मग टाळेबंदी आली, मागोमाग माझी निवृत्ती आली. पालेगावच्या बाजूला एकेक करून इमारती उभ्या राहत होत्या. ताराबाईंच्या शेजारचे माळ गेले, रस्ता रुंद झाला, कडेला बांधकामाच्या जाहिरातीचे पत्रे उभे राहिले. एका सकाळी ताराबाईंचा फोन आला.

"बाय, पोरांनी जमीन दिली. सोमवारी मशीन येनार हाय. तुजी मानसं काढून ने."

माझ्याकडे तीन दिवस होते. पूर्वी मी घरट्यातून थोड्या मुंग्या घेऊन बाकीचं घर तसंच सोडायचे. आता सोडून काय उपयोग होता? मग अख्खी घरटीच उचलायची ठरवली, सगळ्या मुंग्या, कोष, अंडी, अळ्या. त्यासाठी नेहमीचे डबे पुरण्यासारखे नव्हते. भाजीवाल्यांकडे असतात तसले मोठे प्लास्टिकचे क्रेट मी आणले आणि त्यांत प्लास्टर ओतून बरेच कप्पे केले.

ताराबाई कुदळ घेऊन आल्या. वय पंच्याहत्तरीला आलेलं, पण मला हात लावू दिला नाही. "तुला नाय जमायचं. तू उचल." कुदळ मारायच्या, मग खाली बसून हातांनी माती उकरायच्या. चारी घरटी निघाली तेव्हा दुपार झाली होती. शेवटच्या बिळापाशी वैशालीने बसवलेली काच अजून होती, मातीने पार झाकलेली. ताराबाईंनी ती पदराने पुसली.

"ती पोर कुटं हाय? तिला नाय आनलंस?"

मी म्हणाले, "ती आता येत नाही."

"का गो?"

मी क्रेट उचलायला वाकले.  नंतर त्या बांधावर जाऊन बसल्या आणि माळाकडे पाहत राहिल्या. बराच वेळ. त्या माळावर त्यांचं लग्न होऊन येणं, नवऱ्याचं जाणं, सगळं झालं होतं. मी मात्र मुंग्यांचे क्रेट टेम्पोत चढवत होते. त्यांच्या शेजारी जाऊन दोन मिनिटं बसावं हे मला सुचलं नाही, ह्याचीही आज खंत वाटते.

क्रेट हेंद्रेपाड्याला आमच्या जेवणाच्या टेबलावर आले. आम्ही नवराबायको महिनाभर मांडीवर ताटं घेऊन जेवलो. रंगाचे ठिपके देऊन झाले. चौथ्या की पाचव्या दिवशी, दुपारी, पहिल्या क्रेटमध्ये एक कोष फुटला. मी भिंग ओढून बसले.

नवी बाहेर आली, फिकट, अजून अंग न वाळलेली. थोरली दोन कप्पे पलीकडे अंड्यांपाशी होती. ती हलली नाही. पिवळी-निळी पुढे आली आणि तिने नवीचा पुढचा पाय धरला. दुसरीने मागचा धरला. तिसरी, पांढरी-पांढरी, पाठीवर चढली. नवी पाय झाडत होती. थोड्याच वेळात एक कळी गेली, मग दुसरी. थोरली तिथे शेवटपर्यंत आली नाही.

चूक माझी कुठे झाली होती, ते मला तिथेच समजलं. माझे डबे लहान होते. दोन बारक्या कप्प्यांच्या घरात थोरलीला लांब राहायला जागाच नव्हती, आणि पुरेशा बहिणीही नव्हत्या. मी मुंग्यांना एका खोलीत कोंडलं होतं आणि त्या खोलीत जे घडलं त्याला त्यांचा स्वभाव म्हटलं होतं. मोठं घर मिळाल्याबरोबर त्यांनी वैशालीच्या वहीत होतं तसंच केलं.

मी लगेच उठले नाही. अजून पाहायला हवं होतं. पुढचे काही आठवडे चारही क्रेट पाहिले. कधीमधी थोरली यायची, नाही असं नाही. पण बहुतेक वेळा बहिणीच. मग मात्र शंकेला जागा उरली नाही.

खरवईला वैशालीचं घर शोधायला वेळ लागला, तिकडेही इतक्या इमारती झाल्या आहेत. ती आता नववी-दहावीचे क्लास घ्यायची. दार उघडं होतं. आत सतरंजीवर मुलं बसलेली, ती फळ्यावर हृदयाची आकृती काढत होती. मला पाहून हात क्षणभर थांबला.

"मॅडम, वीस मिनिटं लागतील. बसता का?"

मी मागे भिंतीला टेकून सतरंजीवर बसले. ती चांगलं शिकवत होती, घाई न करता. मुलं गेली, तिने फळा पुसायला घेतला.

मी म्हणाले, "वैशाली, तुझं बरोबर होतं."

तिचा हात चालूच राहिला. "मला माहीत आहे, मॅडम."

 मग तिने डस्टर ठेवलं आणि वळून विचारलं, "स्वतः बघितलंत?"

"हो."

"पाय धरणाऱ्या किती होत्या?"

"दोन. कधी तीन."

"मागचा पाय धरते ती म्हातारी असते का? मला तसं वाटायचं. पण वय सांगता येत नव्हतं."

त्यावर आम्ही तासभर बोललो. मुंग्यांवर. तिला प्रत्येक घरट्याचा नंबर पाठ होता. मधेच ती आत गेली आणि ते प्रकरण घेऊन आली. पहिल्या पानावर माझा लाल शेरा होता. तिने तो माझ्यासमोर ठेवला. मी वाचला. आपलंच अक्षर आपल्याला इतकं अनोळखी वाटू शकतं, हे मला माहीत नव्हतं.

"मी माफी मागायला आले आहे," मी म्हणाले. "शेऱ्याबद्दल, आणि त्या चर्चासत्राबद्दल जास्त."

ती म्हणाली, "शेऱ्याचं मला एवढं नाही वाटलं. चूक कोणाचीही होते. पण तुम्ही माझं नाव घेऊन खोटं बोललात. मी तिथे बसलेली असताना." मग म्हणाली, "बाबा तेव्हा विचारायचे, चार वर्षं काय केलंस. मला सांगता यायचं नाही."

मी पुन्हा नोंदणी करण्याबद्दल बोलले, विद्यापीठात माझी थोडी ओळख आहे, मी धावपळ करीन म्हणाले. तिने मान हलवली. "नको. आता ती इच्छा नाही राहिली. खरंच नाही. पण मुंग्या बघायला येऊ का?"

रविवारी ती आली. टेबलाशी खुर्ची असताना उभीच राहून, वाकून पाहत राहिली. दुपारपर्यंत काहीच झालं नाही. मग एक नवी बाहेर आली आणि बाकीचंही झालं.  वैशालीने पर्समधून पेन काढलं आणि वेळ लिहून ठेवली.

आम्ही दोघींनी मिळून निबंध लिहिला. तिच्या जुन्या नोंदी आधी, माझ्या क्रेटमधल्या नंतर. पहिलं नाव तिचं. माझे आधीचे निष्कर्ष चुकीचे आहेत, असं मी त्यात स्वच्छ लिहिलं.

निबंध गेल्यावर आम्ही मुंग्या सोडायला बदलापूरच्या पलीकडे, बारवी धरणाच्या वाटेवर एका टेकाडावर गेलो. तशीच मुरमाड जमीन पाहून क्रेट उघडून ठेवले आणि लांब बसलो. ह्या मुंग्या घर बदलताना झुंडीने जात नाहीत. एक जण नवी जागा हेरते, परत येते आणि दुसरीला सोबत नेते. मागची पुढचीला स्पर्श करत चालते. स्पर्श तुटला की पुढची थांबते. अशा एकेका जोडीने सबंध घर हलतं. ऊन उतरेपर्यंत त्या जात होत्या. आम्ही ताराबाईंनाही नेलं होतं. त्या म्हणाल्या, "ऱ्हातील का गो हितं?"

मी म्हणाले, "माहीत नाही."

पावसाळ्यानंतर आम्ही जाऊन पाहिलं. दोन बिळांपाशी पिसं होती. बाकीच्या दोन घरांचा पत्ता लागला नाही.

निबंधाच्या बाबतीत वैशालीची एकच अट होती. तिने ती सुरुवातीलाच घातली होती. "हे मी तेव्हा बघितलं होतं आणि तुम्ही ते मानलं नाही, एवढं त्यात यायला पाहिजे." मला ती अट रास्त वाटली. मी तसं वाक्य घातलं. संपादकांकडून निबंध परत आला तेव्हा बाकी सगळं मान्य होतं, फक्त त्या वाक्यावर रेघ होती. त्यांनी नम्रपणे कळवलं, की निरीक्षणाचा वैयक्तिक इतिहास शास्त्रीय निबंधात देण्याची पद्धत नाही. मी पुन्हा पत्र लिहिलं. पुन्हा तेच उत्तर आलं. वैशालीला दाखवलं, तर ती म्हणाली, "असू दे मॅडम. छापू दे." पण तिचा चेहरा मी पाहिला होता.

ह्या अंकासाठी आठवणी लिहाल का अशी विचारणा करणारा फोन आला, तेव्हा मी ताबडतोब हो म्हटलं. इथे कुणी रेघ मारणार नाही, असं मला वाटलं. ते वाक्य इथे सुटं करून लिहिते:

पालेगावच्या माळावर कळ्या बहिणी तोडतात, हे सर्वांत आधी वैशालीने पाहिलं. मी तिची मार्गदर्शक होते. मी तिथे न जाता ते खोटं ठरवलं.